रांग मोडून आलेलं बाळ

येओसू बंदराच्या मासळीबाजारात कालवं फोडण्यात माझा जन्म गेला, आणि शेवटी त्याच बाजाराच्या ओल्या फरशीनं माझा खुबा मोडला. म्हणून मी हॉस्पिटलात सहा खाटांच्या खोलीत पडून होते. पडलेल्या माणसाला कामं दोनच. दुखणं सोसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायची. पहिलं मला काही धड जमलं नाही. दुसरं करता करता उन्बी दिसली.

उन्बी आमच्या वॉर्डातली नर्स. ती चालायची नाहीच, पळायची. जेवण उभ्या उभ्या, भाताचा गोळा तोंडात कोंबून. मी एकदा म्हटलं, "अगं चावून खा जरा. कोंबडीसुद्धा दाणा बघून टिपते."

"कोंबडीला हेडसिस्टर नसते, आजी," म्हणाली आणि पळाली.

हेडसिस्टर म्हणजे ग्वाक बाई. आवाज कधी चढायचा नाही, पण नुसती चाहूल लागली तरी पोरी भिंतीला चिकटायच्या. ड्यूटी बदलताना सगळ्या जणी दारासमोरच्या टेबलापाशी जमायच्या. माझी खाट दारालगत, त्यामुळे शब्द न् शब्द कानावर यायचा. "चार नंबरच्या बाईंना ताप कधी चढला, उन्बी? आठवत नाही? मग पगार कशाचा घेतेस, केस विंचरण्याचा?" बाकीच्या माना खाली घालून उभ्या. नर्सच्या जातीत याला 'जाळणं' म्हणतात. मोठीनं धाकटीला राख होईपर्यंत जाळायचं. मोठीलाही तिच्या मोठीनं जाळलेलं असतंच, त्यामुळे कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

एका सकाळी शेजारच्या खाटेवर किमचीचा, आंबवलेल्या कोबीचा, डबा उघडला आणि उन्बी तोंडावर हात दाबून न्हाणीघरात पळाली. परत आली ती चुन्यासारखी पांढरी होऊन. मी हळूच विचारलं, "कितवा?"

"काय कितवा?"

"महिना गं. मी चार पोरं काढलीत, मला नको शिकवू."

तिनं खाटेभोवतीचा पडदा ओढला. सलाइन बघायचं निमित्त केलं आणि नळीकडे बघत म्हणाली, "आजी, माझा नंबर नाहीये."

मला आधी कळेचना. मग तिनं सांगितलं. वॉर्डात दिवससुद्धा नंबरानं जायला हवेत. दोघीतिघी एकदम पोटुशा राहिल्या तर रात्रपाळ्या करायच्या कोणी? म्हणून एका वेळी एकच, तीही मोठेपणाच्या क्रमानं. या वर्षीचा नंबर योन्जूचा, उन्बीहून मोठ्या नर्सचा. लग्नाला किती वर्षं झाली, पण बिचारी यादीकडे बघत थांबलेली. उन्बीचा नंबर तिच्याही नंतर.

"बरं, पण बाळाला यादी कोण वाचून दाखवणार होतं?" मी म्हटलं.

ती आणखी हळू बोलू लागली. गेल्या हिवाळ्यातही तिला असेच दिवस गेले होते. भीतीनं तोंड उघडलं नाही, रात्रपाळ्या केल्या, पेशंट उचलले आणि एका रात्री बाळ गेलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ड्यूटीवर हजर. कोणाला पत्ता नाही. "या खेपेलाही तसंच झालं तर, आजी?" अंगठ्याचं कातडं ती इतकं ओरबाडत होती की रक्त आलं.

कायद्यानं पोटुशीला रात्रपाळी नाही, हे तिला ठाऊक होतं. पण इथं पुढ्यात कागद ठेवतात. मी राजीखुशीनं रात्री काम करते, असं त्यावर लिहिलेलं. तिच्या आधीच्या सगळ्यांनी निमूट सही केलेली.

"आजच्या आज सांग," मी म्हटलं. "तुझ्या तोंडानं. दुसऱ्याच्या तोंडून गेलं की चोरी ठरते."

"उद्या सांगते."

उद्या उजाडला, पण तिच्याआधी तिची सासू आली.

सासूबाईंना म्हणे स्वप्न पडलं होतं. एक भलामोठा मासा उडी मारून त्यांच्या ओच्यात पडला. असं स्वप्न म्हणजे नातवंड, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी मुलाला खोदून खोदून विचारलं आणि त्यानं दिलं सांगून. झालं! बाईंनी तांदळाच्या वड्यांचं मोठं भांडं वाफवून घेतलं, वर लाल चवळीचा चुरा, आणि नेमक्या दुपारी, ड्यूटी बदलायच्या वेळी, टेबलावर आणून ठेवलं.

"खा गं पोरींनो, गरम गरम खा! आमच्या सूनबाईला दिवस गेलेत. तिला जरा सांभाळून घ्या हं!" चारचारदा वाकून, हसत हसत त्या लिफ्टकडे गेल्या.

वड्यांची वाफ वर जात होती. एकही हात पुढे झाला नाही.

"योन्जू," ग्वाक बाई सावकाश म्हणाल्या, "या वर्षी नंबर कोणाचा?"

"माझा, बाई."

"उन्बीला कोणी सांगितलं नव्हतं वाटतं." त्यांनी खणातून कागद काढला. "सही कर. रांग मोडलीस ती मोडलीस, निदान रात्री तरी ओढ."

उन्बीनं पेन हातात घेतलं. मी उशीवरून मान उचलली, खुबा बोंबलला तरी. पोरगी सही करते की काय!

तिनं पेन खाली ठेवलं. "नाही करणार, बाई."

"काय म्हणालीस?"

"गेल्या हिवाळ्यात मी गप्प बसले. बाळ गेलं. सकाळी तुम्ही विचारलंत, तोंड का सुजलंय. मी म्हटलं, झोप झाली नाही." तिनं कागद परत बाईंकडे सरकवला. "दिवसाची सगळी कामं करीन. काढून टाकलंत तर जाईन. सही नाही करणार."

"आणि तुझ्या रात्री कोण करणार? माझी आई?"

योन्जूनं उन्बीकडे एकदा पाहिलं आणि औषधांची गाडी ढकलत निघून गेली. गाडीचं एक चाक कुरकुरायचं. ते किती तरी वेळ ऐकू येत होतं.

दुपारभर उन्बीशी कोणी बोललं नाही. वड्या तशाच, गार. माझी पट्टी बदलताना ती म्हणाली, "गप्प बसायला हवं होतं का मी?"

"गप्प बसून बघितलंस ना एकदा?" मी म्हटलं.

संध्याकाळी योन्जू माझं ब्लडप्रेशर घ्यायला आली. उन्बी पलीकडच्या खाटेपाशी होती. योन्जूच्या कॉलरवर चवळीचा लाल चुरा मला दिसला.

"तुझ्या सासूनं मीठ जास्त घातलंय," ती उन्बीकडे न बघता म्हणाली.

उन्बी जागच्या जागी थिजली. "हो, बाई."

"या महिन्यातल्या तुझ्या रात्री आम्ही तिघी वाटून घेतोय. ग्वाक बाईंना सांगून आले."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. रात्रपाळीतून तुझं नाव खोडलं आणि मला एवढंच म्हणाल्या, बूट मळलेत, पुसत जा."

"पण बाई, तुमचा नंबर..."

"माझा नंबर गेला खड्ड्यात. यादी बघून बघून नवऱ्याचे केस पांढरे झाले. आता मी नाही बघणार." पट्टा तिनं इतका आवळला की माझा हात काळानिळा पडायचा. "आणि माफ केलंय असं समजू नकोस. माझ्या वेळी माझ्या रात्री तू करायच्यास."

"करीन."

"आजी, हात सैल सोडा. तुमचं काय चाललंय मधेच?" मी ऐकता ऐकता मूठ आवळली होती, तर ती माझ्यावरच खेकसली.

ग्वाक बाई बदलल्या म्हणाल, तर छे! दुसऱ्या दिवशी दुपारी उन्बीला पुन्हा जाळलंच, या वेळी पेशंटच्या उशीवरून. पण त्यानंतर ती माझ्या खाटेपाशी आली, पाहुण्यांच्या स्टुलावर चक्क बसली, आणि कालची कडक झालेली वडी तिनं खिशातून काढली.

नीट चावून खाल्ली. सगळी.