भाऊजींचा फ्लेक्स

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, आजवर ज्याच्यावर कधीच संशय घेतला नाही असा या पृथ्वीतलावर एकच माणूस आहे, आणि तो मी. साठ-पासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांचा अंदाज एकदाच चुकला, तो नेमका माझ्या बाबतीत. हे आज लिहून टाकतो आहे, कारण तोंडी सांगून पाहिलं, त्याचा काही उपयोग झाला नाही.

भाऊजी नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. संत्र्याची बाग, एक विहीर, विहिरीवर मोटर. कानाला बारमाही मफलर आणि बोलताना एक डोळा किंचित बारीक केलेला, जणू समोरच्याच्या पाठीमागे आणखी कोणीतरी उभं आहे आणि खरं बोलणं त्याच्याशीच करायचं आहे. लोक दूध उजेडात धरून बघतात, भाऊजी दूधवाल्याला उजेडात उभं करतात. डॉक्टरनं गोळी लिहून दिली की विचारतात, "तुमच्या घरी कोण कोण घेते हे?" घरात दोन घड्याळं आहेत आणि दोन्हींवर विश्वास नसल्यामुळे वेळ शेजाऱ्याला विचारतात, शेजाऱ्यावर तर मुळीच विश्वास नाही. ताई सांगते, लग्नात अक्षता पडल्यावर यांनी भटजींना बाजूला घेऊन विचारलं होतं की मुहूर्त नक्की हाच होता ना. "सदतीस वर्षं झाली," ती म्हणते, "अजून ह्याईची खात्री पटून नाई राहिली." यावर भाऊजी शांतपणे म्हणतात, "तो भटजी मांगाहून कुठं गेला, ते सांग ना मंग."

पण या संशयाला खरा बहर यायचा तो लाईन, म्हणजे वीज, गेली की. गोठ्याबाहेरच्या कडुलिंबाला त्यांनी एक बल्ब टांगला आहे. तो रात्रंदिवस चालूच असतो, म्हणजे लाईन आली-गेली शेतातूनही कळावी. गावातले बाकीचे लोक राजकारण वर्तमानपत्रात वाचतात, भाऊजी ते या बल्बवर वाचतात. बल्ब मिणमिणला की म्हणणार, "वरती काही तरी बिनसलं." आणि भरदुपारी लख्ख पेटला की लगेच ताईला हाक, "काढ वं धुतलेलं धोतर, साहेब येऊन राहिले." आणि खरोखरच तासाभरात पांढऱ्या गाड्यांची रांग रस्त्यावरून धूळ उडवत जायची. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. त्या गाड्यांमध्ये कधी कधी मीही असायचो.

कारण नागपुरात मी एका लोकप्रतिनिधीच्या जनसंपर्क कार्यालयात काम करतो. दौऱ्यांचे कार्यक्रम आखणं, फोन घेणं आणि वर्तमानपत्रांना बातम्या लिहून पाठवणं ही माझी कामं. 'साहेबांनी गंभीर दखल घेतली' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं आहे की आता पेन हातात घेतलं की ते आपोआप उतरतं. साहेबांवर, त्यांच्या ड्रायव्हरवर, कार्यालयातल्या चहावर भाऊजींचा संशय होता. माझ्यावर नव्हता. म्हणायचे, "तू त्याईच्यात राहून बी आपला राहिला."

आमचा भाग उन्हाळ्यासाठी बदनाम आहे, म्हणून इथल्या थंडीची कोणी कल्पना करत नाही. त्या वर्षी पौषात अशी लाट आली की सकाळी गवत पांढरं दिसायचं. अशा थंडीत संत्र्याच्या बागेला एकच औषध, विहिरीचं पाणी. ते मुळात कोमट असतं, संध्याकाळी बागेत सोडलं की जमीन सकाळपर्यंत थोडी ऊब धरून राहते. आणि पाण्याला मोटर लागते, मोटरला लाईन. भाऊजींची जुनी बाग रोगानं गेली होती. त्याच पावसाळ्यात त्यांनी पाऊणशे नवी कलमं लावली होती. संत्र्याला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. उद्या सूर्य उगवेल का याचीही चौकशी करणाऱ्या या माणसानं साठीला आल्यावर ती लावली, याचं मला आजही नवल वाटतं. त्यांनी आयुष्यात ठेवलेला विश्वास बहुधा तेवढाच, आणि तोही गुडघ्याएवढ्या उंचीचा.

अशातच मोठ्या वीजवाहिनीत बिघाड झाला आणि निम्मा तालुका अंधारात गेला. मग सुरू झालं ते सगळं, जे दर वेळी सुरू होतं. साहेबांनी गंभीर दखल घेतली. चौकशी समिती जाहीर झाली. विरोधकांनी हातात कंदील घेऊन मोर्चा काढला. मोर्चा गावात आला तेव्हा भाऊजींनी पुढच्या कार्यकर्त्याच्या हातातला कंदील काढून घेतला आणि उलटा केला. तो बॅटरीचा निघाला. "दोन दिवसापासून तालुक्यात लाईन नाई," भाऊजी म्हणाले, "मंग हा चार्ज कुठं केला गा?" मोर्चा तिथेच थोडा विस्कळीत झाला. आमच्या साहेबांनी कंबल वाटपाचा कार्यक्रम ठरवला, तेव्हा भाऊजींनी मला फोन केला. "साहेबाले विचार, पाऊणशे कंबल देते काय. अन् झाडाले पांघरवायले माणूस."

पण त्यांच्याजवळ स्वतःचा एक उपाय होता. कुठल्याशा जुन्या दौऱ्यातला, हात जोडलेल्या साहेबांचा दहा फुटी फ्लेक्स त्यांनी जपून ठेवला होता. 'आमच्या गावी सहर्ष स्वागत' एवढंच त्यावर उरलं होतं, तारखेचा तुकडा त्यांनी विळ्यानं कापून टाकला होता. लाईन फार दिवस गेली की ते हा फ्लेक्स फाट्यावर बांधत, दोन केळीचे खुंट रोवत आणि घरी येऊन बल्बकडे बघत बसत. येणारा-जाणारा लाईनमन तो पाहायचा, वीज उपकेंद्रात धावपळ व्हायची आणि लाईन यायची. याआधी दोनदा हे जमलं होतं. "साहेब नाई आले तरी चालते," ते मला डोळा बारीक करून म्हणाले होते, "त्याईचे हात जोडलेले पाह्यजे फक्त."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो बांधला. उपकेंद्रात त्या वेळी एक नवा, सरळमार्गी अभियंता आला होता. त्यानं फ्लेक्सवर विश्वास न ठेवता आमच्या कार्यालयात फोन केला. फोन मी घेतला.

"सर, फाट्यावर साहेबांचा फ्लेक्स लागला आहे," तो म्हणाला. "दुरुस्तीला माझ्याकडे एकच गाडी आहे. साहेब नक्की कुठे येणार तेवढं सांगा, ती लाईन आधी जोडतो."

साहेब त्या संध्याकाळी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला कंबल वाटणार होते. तिथे माईक लागणार होता, दिवे लागणार होते आणि ते लागले नाहीत तर साहेब मला काय म्हणतील ते मला पाठ होतं. फाट्यावरचा फ्लेक्स कोणाचा आहे हेही ठाऊक होतं, आणि त्यामागे पाऊणशे कलमं उभी आहेत हेसुद्धा. दोन्हीकडे आहे म्हणालो असतो, थोडं अडखळलो असतो, तरी चाललं असतं.

"फाट्याला नाही," मी म्हणालो. "तिकडे कुठलाच दौरा नाही."

मी खरं बोललो. अजूनही मी स्वतःला हेच सांगतो, आणि दर वेळी ते आधीपेक्षा घाणेरडं वाटतं. संध्याकाळी माईक उत्तम चालला. 'साहेबांच्या तातडीच्या पाठपुराव्यामुळे तालुक्यातील वीजपुरवठा सुरळीत' ही बातमी मीच लिहिली. भाऊजींनी ती दुसऱ्या दिवशी शेकोटीच्या उजेडात वाचली. त्यांच्या गावात लाईन आणखी दोन दिवसांनी आली. भाऊजींनी फ्लेक्स फाट्यावरून सोडून आणला होता आणि विळ्यानं त्याचे तुकडे करून ते एका कोपऱ्यातल्या कलमांवर बांधले होते. त्या तुकड्यांखालची अठरा वाचली. बाकीच्यांची पानं करपून काळी पडली.

भाऊजी रडले वगैरे नाहीत. त्यांनी शोध सुरू केला. फ्लेक्स खोटा आहे हे उपकेंद्राला कोणी सांगितलं? लाईनमनला चहा पाजून झाला, सरपंचाला दोनदा आडवं घेतलं, सख्ख्या भावाशी महिनाभर बोलणं बंद ठेवलं. आणि मग एका रविवारी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू ऑफिसात हाय. तुले समजन. कोणाले सांगू नको, गुपचूप पाह्य. हे काम मी तुह्यावर सोपवलं."

अशी एका माणसाची समिती नेमली गेली आणि आरोपीही तोच. दर रविवारी फोन यायचा, "लागला का पत्ता?" आणि मी म्हणायचो, "चौकशी चालू आहे, भाऊजी." साहेबांच्या समितीचंही तेच उत्तर होतं, शब्दसुद्धा मीच लिहिलेले.

दीड वर्ष हे चाललं. मग मला झेपेना. गावी गेलो, त्यांना त्या अठरा झाडांजवळ नेलं आणि सगळं सांगितलं. अभियंत्याचा फोन, माईक, बातमी, सगळं. भाऊजींनी ऐकून घेतलं. डोळा बारीक झाला. मला वाटलं, आता आला तो संशय शेवटी माझ्यावर.

"कोणाले वाचवून राहिला तू?" ते म्हणाले.

"कोणाला नाही भाऊजी. मीच होतो."

"असं कोणी म्हणायले लावलं तुले? साहेबानं? नोकरीची धमकी देली काय?" त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "भेऊ नको गा. मी काढतो शोधून." घरी येऊन त्यांनी ताईला सांगितलं, "पोरावर दबाव हाय वं. जास्त विचारू नको त्याले."

आता विहिरीवर सौर पंप आहे. लाईनची गरज उरली नाही, त्यामुळे भाऊजी आभाळ भरून आलं की ढग कोणाच्या सांगण्यावरून आले ते बघतात. बल्ब कडुलिंबावर आहे, पण त्याच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. यंदाच्या हिवाळ्यात त्या अठरा झाडांना पहिली संत्री लागली. पिशवीभर संत्री मांडीवर घेऊन ते एसटीनं नागपूरला आले, कंडक्टरनं पिशवीकडे दोनदा पाहिल्याची तक्रार केली, आणि एक संत्रं स्वतः सोलून, दोरे काढून, फोडी माझ्या हातावर ठेवल्या.

"गोड हाय ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे दोन्ही डोळे पूर्ण उघडे होते. तेव्हापासून तोच विचार मनात घोळतो. त्या दिवशी बागेत त्यांनी खरंच विश्वास ठेवला नव्हता, की ठेवला होता आणि बायकोच्या भावाला घरी येण्याचं तोंड राहावं म्हणून डोळा बारीक केला होता? विचारायची हिंमत नाही. रविवारी फोन येतो, ते विचारतात, "लागला का पत्ता?" आणि मी फोन कानाशी घट्ट धरून त्यांच्या आवाजात काही सापडतं का ते ऐकत राहतो.

"चौकशी चालू आहे, भाऊजी," मी म्हणतो.

"चालू दे गा," ते म्हणतात, "घाई नाई."