कोणती थैली?

पोळा, दिवाळी आणि होळी. या सणांच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेतल्या प्रत्येकाच्या घरी एक थैली यायची. तूरडाळ, चणाडाळ, साखर आणि तेलाचं पाकीट. शाळा निवासी, आर्वीपासून थोडी आत, मुलं आसपासच्या आदिवासी खेड्यांतली. सणाला मुलं आपापल्या घरी जायची आणि आम्हा शिक्षकांच्या घरी थैली यायची. ती आणून देणारे म्हणजे आमचे कोठीवाले भाऊ. धान्याच्या कोठीची किल्ली त्यांच्याकडे असायची, म्हणून हे नाव. स्कूटीला पुढे-मागे थैल्या लटकवून ते आर्वीत घरोघर फिरायचे आणि फाटकातूनच ओरडायचे, "मॅडम, संस्थेकडून!"

संस्थेच्या नेमक्या कोणत्या खिशातून, हे आम्ही कधी विचारलं नाही. मी नोकरीला लागायच्या आधीपासून हे चालू होतं. मुख्याध्यापक स्वतः कोठीसमोर उभे राहून थैल्या भरून घ्यायचे. मुलं सुटीवर गेली की खाणारी तोंडं कमी होतात, धान्य मात्र तेवढंच येतं, मग ते किडायला ठेवायचं का, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते पटलं. पुरणाला डाळ लागतेच, त्यामुळे पटायला वेळ लागला नाही.

मागच्या वर्षी पोळा झाल्यावर जिल्ह्यातून तपासणीला साहेब आले. दरवर्षी कोणीतरी यायचं, नाश्ता करायचं आणि सही करून जायचं. हे साहेब नवे होते. त्यांनी नाश्त्याच्या बशीला हात लावला नाही, कोठी उघडायला लावली आणि वजनकाटा मागवला. डाळ कमी भरली, साखर कमी भरली, तेल तर फारच कमी. संध्याकाळपर्यंत कोठीवाल्या भाऊंच्या हातात निलंबनाचा कागद पडला. त्यांनी मुलांचं धान्य बाजारात किराणा दुकानदाराला विकलं, असा आरोप होता. चौकशीत दोषी ठरले तर नोकरी जाणार आणि वर पोलिसांत तक्रार होणार, असं संस्थेच्या सचिवांनी जाहीर करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ बायकोला घेऊन माझ्या घरी आले. ही माणसं मला परकी नव्हती. आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा भाऊंनी दवाखान्यात डबे पोचवले होते. त्यांची बायको आणि मी दर उन्हाळ्यात माझ्या गच्चीवर कुरड्या घालायचो. त्या दिवशी मात्र दोघंही खुर्चीवर बसेनात. दाराजवळ जमिनीवरच बसले.

"मॅडम, मी एक दाना नाई विकला जी," भाऊ म्हणाले. "सगळं थैल्यायमंदी गेलं. तुमाले तं मालूमच आहे. चौकशीत माह्या बाजूनं बोलाले एक मानूस आनता येते म्हनते. मले तुमच्याशिवाय कोनी नाई."

शाळेत मी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध आहे. अन्याय दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते आणि ती विझेपर्यंत मी कोणाचं ऐकत नाही. मी लगेच हो म्हटलं. ती दोघं गेल्यावर हे म्हणाले, "तूच काऊन पुढे होऊन राह्यली? बाकीच्यायनं काय पोळ्याले उपास केला होता?" मी म्हटलं, बाकीचेही येतील. हे हसले. त्या हसण्याचा मला इतका राग आला की मी त्या दिवशी चहाच केला नाही.

माझा बचाव अगदी सरळ होता. धान्य विकलं गेलं नाही, ते आमच्या पोटात गेलं. आम्ही सगळ्यांनी समितीसमोर जाऊन हे एकदा कबूल केलं, की एकट्या कोठीवाल्याला फासावर लटकवणं कोणाला जमणार नाही. मधल्या सुटीत मी शिक्षकांच्या खोलीत हे मांडलं. कोणी वहीत डोकं घातलं, कोणाला अचानक तास आठवला. शास्त्र शिकवणारे सर म्हणाले, "आमच्या घरी तं वावरातलीच डाळ असते, मॅडम. बाहेरची आमी वापरतच नाई." याच सरांनी आधीच्या दिवाळीत थैलीत तेल कमी आलं म्हणून भाऊंना व्हरांड्यात झापलं होतं. मी ते तिथल्या तिथे बोलून दाखवलं. त्यानंतर त्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबायला लागलं.

मग मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, सर, थैल्या तुमच्या सांगण्यावरून भरल्या जात होत्या, एवढं एक वाक्य तुम्ही बोला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्याकडे अगदी भाबड्या चेहऱ्याने बघून विचारलं, "कोणती थैली?"

मी त्या माणसाच्या हाताखाली इतकी वर्षं काम केलं होतं. त्यांच्या बायकोने मला दोनदा विचारलं होतं की या वर्षी चणाडाळ शिजायला वेळ लागते का हो. मी बाहेर आले. त्यांनी नाही म्हटलं असतं, भीती वाटते म्हटलं असतं, तर मी समजून घेतलं असतं. डोळ्याला डोळा भिडवून ते असं विचारू शकले, याने मात्र मी हादरले.

तरी मी मागे हटले नाही. चौकशीच्या आधी भाऊंना बोलावून नीट समजावलं. बाकीच्यांनी काखा वर केल्यात, पण मी आहे. मी समितीला सांगेन की थैल्या सगळ्यांना मिळत होत्या आणि मीही घेतली. मग ते तुम्हाला विचारतील. तुम्ही फक्त खरं सांगायचं, कोणी भरायला लावल्या आणि कोणाकोणाकडे नेऊन दिल्या.

"सांगतो ना जी," ते म्हणाले. "तुमी माह्यासाठी उभ्या राह्यल्या, मंग मी काऊन भिऊ?"

संस्थेचं कार्यालय वर्ध्याला, नालवाडीत. आम्ही दोघं आर्वीहून सकाळच्या एसटीने निघालो. भाऊंनी मला खिडकीची जागा दिली, माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. वाटेत त्यांना फोन आला आणि ते उठून मागच्या बाकांकडे गेले. बराच वेळ बोलत होते. परत आल्यावर मी विचारलं, कोणाचा होता? म्हणाले, घरून. मी त्यांना धीर दिला, घाबरू नका म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढे वर्धा येईपर्यंत ते बसच्या पत्र्याकडे बघत राहिले.

समितीत तिघे होते. मधोमध सचिव, बाजूला संस्थेचे दोन जुने सभासद. चहा आला, आरोप वाचून झाला, मग मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. म्हटलं, ही डाळ बाजारात गेली नाही, आमच्या घरी आली. दर सणाला, शाळेतल्या प्रत्येकाच्या घरी, मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून. ती मुलांची होती, हे आम्हाला कळायला हवं होतं, पण आम्ही ती संस्थेची भेट समजून खाल्ली. मीही खाल्ली. शिक्षा करायची तर सगळ्यांना करा, या एका माणसाला चोर ठरवू नका. माझा आवाज थोडा चढला होता. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हेही सांगून टाकते.

सचिव शांतपणे ऐकत होते. त्यांनी भाऊंकडे वळून विचारलं, "मॅडम म्हणतात ते खरं आहे का? सगळ्यांना देत होता?"

भाऊ उभे राहिले. हात जोडलेले, नजर टेबलाच्या पायाशी.

"नाई साहेब. सगळ्याइले नाई देल्लं. या मॅडमले देत होतो."

"फक्त यांना? काऊन?"

"मागत होत्या जी. मी लहान मानूस, मॅडमले नाई कसं म्हनू?"

आत्तापर्यंत हे सांगताना मी त्याला अहोजाहो केलं. यापुढे माझ्याच्याने होणार नाही.

मला आधी वाटलं, घाबरून काहीतरी भलतंच बोलून गेला. मी म्हटलं, "भाऊ, काय बोलता? नीट आठवून सांगा." त्याने मान वर केली नाही. सचिवांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुमच्या घरी धान्य येत होतं, हे तुम्हीच आत्ता सांगितलं ना?" मी सांगितलं होतं, खणखणीत आवाजात, तिघांच्या तोंडावर. अख्ख्या शाळेत थैली घेतल्याचं स्वतःच्या तोंडाने कबूल करणारी मी एकटीच होते. लिहून घेणाऱ्याने ते शब्दशः लिहून घेतलं आणि मला सही करायला दिलं. मी सही केली. मुख्याध्यापकांचं नाव त्यानंतर त्या खोलीत कोणी घेतलंच नाही.

बाहेर आले तेव्हा तो संस्थेच्या गाडीत मागे बसलेला दिसला. मी एकटीच बस स्टँडवर आले. पाणी प्यायला बाटली काढायला गेले, तर लक्षात आलं की पिशवी त्याच्याकडेच राहिली. मला रडू आलं ते तेव्हा, पाण्यासाठी. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. घरी पोचले तर ह्यांनी माझा चेहरा पाहिला आणि गंमत करायची सोडून मुकाट्याने कुकर लावला.

त्याला ताकीद मिळाली आणि बदली झाली, हिंगणघाटकडच्या संस्थेच्या दुसऱ्या वसतिगृहात. त्याचं गाव वडनेर, तिथून जवळच. म्हणजे शिक्षा म्हणून त्याला घरी पाठवलं. माझी वेतनवाढ रोखली आणि माझ्या सेवापुस्तकात लिहिलं की कर्मचाऱ्यास मुलांच्या धान्याचा अपहार करण्यास प्रवृत्त केले. मी त्याविरुद्ध अपील केलं आहे. शाळेत रोज जाते. वर्गात फळ्याकडे वळले की मागे मुलं कुजबुजतात. ती गणिताबद्दल बोलत असतात की डाळीबद्दल, मला कळत नाही आणि वळून बघायची हिंमत होत नाही. शास्त्राचे सर एकदा जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुमी काऊन बोलल्या मॅडम? चुप राहाचं होतं." त्यांना खरोखर माझी कीव येत होती.

परवा आर्वीच्या बस स्टँडवर तो समोरच आला. भाड्याच्या खोलीतलं उरलेलं सामान न्यायला आला होता. मला बघून थबकला, पण पळाला नाही. या भेटीची मी किती तरी महिने मनात तयारी केली होती. काय काय बोलायचं, कोणत्या शब्दांनी सोलून काढायचं, सगळं पाठ होतं. तोंडून मात्र एवढंच निघालं, "केसानं गळा कापला तुम्ही माझा. का?"

"सचिवसायबाचा फोन आलता मॅडम, बसमंदी," तो म्हणाला. आवाजात लाज होती, पण कुठेतरी सुटल्यासारखं वाटत होतं त्याला. "हेडसरचं नाव घ्याचं नाई म्हने. बाकी कोनाचंबी एक नाव सांग, केस मिटवतो. आता कोनाचं सांगू? दुसऱ्या कोनाचं सांगितलं असतं तं त्यायनं मले जितं सोडलं नसतं. माही पोरंबाळं हायेत. तुमचंच सांगितलं."

"माझंच का?"

"तुमी मले काई करनार नाई, हे मले मालूम होतं जी."

हे बोलताना त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. त्याला वाटत होतं की तो माझं कौतुक करतोय. हिंगणघाटची बस लागली. त्याने सामान उचललं, वाकून नमस्कार केला आणि गर्दीतून आत शिरला. मी तिथेच उभी राहिले. पाठ केलेलं सगळं तसंच राहिलं आणि बस सुटली.