सातवा छर्रा

१४ सप्टेंबर १९९८ रोजी परातवाल्यांच्या पगारातून ३,८६५ रुपये कापले गेले. कापणारे त्यांचे थोरले साडू. बायकोच्या सख्ख्या बहिणीचे यजमान आणि गॅरेजचे मालक.

'परातवाले' हे नाव गॅरेजातच पडलेलं. आपोआप गिअर बदलणारी जुनी गाडी आली की हे गृहस्थ कागदपत्रांना हात लावत नसत. पाठीवर सरकत गाडीखाली जायचे, गिअरबॉक्सच्या तळाशी असलेली तेलाची परात बोटांनी चाचपायचे, बोल्ट मोजायचे, बाजूची पितळी पट्टी फडक्याने पुसून नंबर वाचायचे. "कागद गाडीचा असतो," ते म्हणायचे, "आत कोण नांदतंय ते परात सांगते."

त्या सप्टेंबरात त्यांनी एका लांबलचक निळ्या गाडीचा गिअरबॉक्स खोलला होता. कुणीतरी मागे कधी तो बदललेला. गाडीच्या सालापेक्षा जुना. तेलाच्या वाटा उघडझाप करणारे पोलादी छर्रे आत असतात. गाडीच्या सालाप्रमाणे ते सात लागले असते, या बॉक्सला सहाच. परातवाल्यांनी सहा छर्रे ताटलीत काढले, फळ्यावर खडूने 'छर्रे सहा' लिहिलं आणि सासरे दवाखान्यात होते म्हणून दोन दिवस तिकडे गेले.

तिसऱ्या दिवशी परतले तेव्हा बॉक्स गाडीला चढलेला होता आणि फळा पुसलेला होता. साडूंनी घाईने स्वतःच जोडणी केली होती.

चौथ्या दिवशी गाडीचा तिसरा गिअर गेला. गिअर पकडून ठेवणाऱ्या आतल्या प्लेटा जळल्या. गिऱ्हाइकाने पैसे परत घेतले, गाडी ओढून नेली आणि पुन्हा उघडू दिली नाही. साडूंनी सगळ्या गॅरेजसमोर निकाल दिला, "ताटलीत एक छर्रा कमी होता. मी नवा घातला. याने हरवलेला आतच पडला असणार, त्यानेच घात केला."

पगार कापला, नोकरी गेली. परातवाल्यांनी दोन गाड्या मावतील एवढी शेड घेतली आणि पोट भरलं. पण जखमेवर मीठ चोळायला साडू दर कौटुंबिक जेवणात हजर. "यांनी वाढलंय का? मग घास बघून खा हो, छर्रा असायचा!" पंगत हसायची. परातवाल्यांची मुलगीसुद्धा एकदा हसली. ते हसू त्यांच्या घशात काट्यासारखं राहिलं.

एकोणीस वर्षांनी ती निळी गाडी त्यांच्या शेडमध्ये आली. गाडीचा जुना मालक वारला होता, त्याच्या लेकीला गाडी चालती करायची होती. परातवाले नेहमीसारखे खाली गेले, परात चाचपली आणि तिथेच पडून राहिले. जोडणी झाल्याची खूण म्हणून साडूंनी बोल्टांवर लावलेला लाल रंग जसाच्या तसा होता. बॉक्स त्यानंतर उघडलेलाच नव्हता.

"बाई, शनिवारी सकाळी तुमच्यासमोर उघडू," ते बाहेर येऊन म्हणाले.

बायकोला कळलं तशी ती म्हणाली, "जुनं मढं उकरू नका. ताईच्या घरात कशाला आग?"

"एकोणीस वर्षं धूर मी गिळलाय. एक दिवस त्यांनी गिळावा."

त्यांनी साडूंना फोन केला. "या दादा. तुमचा छर्रा सापडायचाय." जुन्या गॅरेजातले दोन मिस्त्रीही बोलावले.

शनिवारी साडू काठी टेकत आले, स्टुलावर बसले. "अजून तेच दळण?"

परातवाल्यांनी फडकं उचललं. पितळी पट्टी पुसून बाईंना नंबर वाचायला लावला, त्या नंबरचं पुस्तकातलं पान उघडून साडूंच्या मांडीवर ठेवलं. चित्रात छर्रे सहा. मग परात उतरवली. जळकं काळं तेल, करपल्याचा वास. आतला वाटांचा ठोकळा उलटा करून त्यांनी एकेक छर्रा स्टीलच्या वाटीत टाकला. टण्. टण्. सहा झाले. सातवा तिसऱ्या गिअरच्या वाटेत, जिथे काहीच नको तिथे, बूच मारल्यासारखा रुतला होता. तो चिमट्याने उपसावा लागला.

"आत पडलेला नाही, दादा. हाताने बसवलेला आहे. हात कुणाचा?"

एक मिस्त्री खाकरला. साडू म्हणाले, "पुस्तकात सात होते रे."

"गाडीच्या पुस्तकात. फळ्यावर सहा होते. फळा कुणी पुसला?"

साडूंनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. कुणी हसलं नाही.

परातवाल्यांचं एवढ्याने भागलं नाही. नव्या प्लेटा तेलात भिजवून बसवल्या आणि छर्रे घालायच्या दिवशी साडूंना पुन्हा बोलावलं. "घाला तुमच्या हातानं. मोजत." ग्रीसमध्ये टेकवत, सगळ्यांदेखत म्हाताऱ्याने मोजलं, "एक... दोन..." सहावर थांबले. "पुढे?" परातवाल्यांनी विचारलं. "पुढे काही नाही," साडू म्हणाले. दारात येऊन उभी राहिलेली परातवाल्यांची बायको निघून गेली. परातवाल्यांनी पाहिलं, पण हाक मारली नाही.

गाडीने तिसरा गिअर लोण्यासारखा घेतला.

पुढच्या कौटुंबिक जेवणात परातवाल्यांनी सातवा छर्रा साडूंच्या ताटाशेजारी ठेवला. साडू घास बघून जेवले. त्याच आठवड्यात मेहुणीबाईंनी कापलेल्या पगाराचं पाकीट आणून दिलं, "सुटे नव्हते, भावोजी."

पाकिटात ३,८०० रुपये होते. पासष्ट रुपये अजून यायचे आहेत.