साबणाचं पाणी

नायगावच्या आमच्या टॉवरमध्ये समोरच्या फ्लॅटमधले सर निवृत्त झाले, तरी वर्गातून काही बाहेर पडले नव्हते. जीवशास्त्र शिकवायचे. वाक्याचं शेपूट मुद्दाम सोडून द्यायचे, ते आपण पुरं करायचं.

"वहिनी, झुरळाला फुप्फुसं...?"

लिफ्टची वाट बघत मी म्हणायची, "नसतात."

"मग हवा आत जाते ती पोटाच्या कडेला असलेल्या बारीक...?"

"छिद्रांतून."

सर खूश व्हायचे. झुरळांना औषध कशाला, साबणाचं पाणी ओता, छिद्रं बुजली की ती गुदमरतात, हेही त्यांनीच सांगितलेलं.

पुढे त्यांच्या बायकोची फुप्फुसं कामातून गेली. दारात ऑक्सिजनचे सिलिंडर येऊ लागले. सर मात्र तसेच बोलत राहिले. गेल्या महिन्यात बाई गेल्या.

परवा दारासमोर मी एका झुरळावर साबणाचं पाणी ओतलं. ते उलटं पडून पाय झाडू लागलं. कचऱ्याची पिशवी ठेवायला सर बाहेर आले, बघत राहिले आणि एकदम खाली बसले. खिशातल्या रुमालाच्या टोकानं ते झुरळाच्या पोटाच्या कडा पुसू लागले, अगदी हलक्या हातानं. त्याचे पाय थांबले, तरी पुसतच होते.

"सर, राहू द्या आता."

त्यांनी मान वर केली.

"वहिनी, हवा तर सगळीकडे असते. पण आत जायला वाटच...?"

नेहमीसारखे ते थांबले. उत्तर मला येत होतं. मी खाली बसले आणि त्यांच्या हातातला ओला रुमाल काढून घेतला.