मातीच्या कपातले तीन चहा

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी बुलढाण्याहून निघालो, दुपारी जानेफळला जेवलो, संध्याकाळी परत आलो. मोटरसायकल माझ्या साळ्याची, गजूची. वाटेत चहाला थांबलो. एकाचे तीन चहा झाले, म्हणून लिहितो आहे.

जानेफळ हे माझ्या बायकोचं, सुनंदाचं माहेर. ती पावसाळ्यात वारली. त्यानंतर मी तिकडे गेलो नव्हतो. गजू आला आणि म्हणाला, "भाऊजी, भिंती पाहून काय भेटून राह्यलं? बसा गाडीवर." बसलो.

चिखलीहून मेहकरकडे जाताना, हिवरा आश्रमाच्या थोडं अलीकडे एका लिंबाखाली चहाची टपरी आहे. काचेच्या ग्लासात दहा रुपये, मातीच्या कपात वीस. आम्ही दोघं दरवेळी थांबायचो. ती मातीचा कप घ्यायची, मी ग्लास. मातीला ओठ चिकटतो आणि अर्धा चहा कपच पितो, असं माझं म्हणणं. "पयला घोट कपाचाच. त्याले देऊन टाकाचा," असं तिचं.

या वेळी मी मातीचा कप मागितला. ओठ चिकटलाच. पण भाजलेल्या मातीचा वास चहाच्या आधी येतो, आणि आल्याचा तिखटपणा जरा नरम लागतो. साखर भरपूर असते. कमी हवी असेल तर आधी सांगा.

इथली रीत अशी, की चहा संपला की कप लिंबाखालच्या ड्रममध्ये जोरात फोडायचा. आवाज झाला की टपरीवाले काका मान डोलावतात. म्हणजे चहा जमला. गजूनं असा फोडला की बाजूचं कुत्रं उठून गेलं.

सुनंदाला निरोप देताना मडकं मीच खांद्यावरून मागे टाकलं होतं. मागे पाहायचं नसतं. फक्त आवाज ऐकू येतो.

माझा हात उठेना.

"चाय जमली नाई काय साहेब?" काकांनी विचारलं.

"छान आहे."

"मंग फोडा ना!"

मी कप हातातच धरून ठेवला. काकांचा चेहरा पडला. त्यांनी जास्त आलं घालून दुसरा आणला. तो प्यालो आणि कप पहिल्यात ठेवला. मग तिसरा आला, वेलची घातलेला. आता बाकावरची माणसंही बघायला लागली. एक जण म्हणाला, "काका, आता म्हैसच बदला!"

"काऊन हो भाऊजी, कोनाची वाट पाहून..." असं म्हणत गजू आला आणि माझ्या हाताकडे बघून थांबला. स्मशानात तो माझ्या शेजारीच होता. तो काकांकडे वळला. "यांले कपात मेथी लावाची हाय. फोडून कसं जमन?"

"असं सांगा ना!" काकांचा जीव भांड्यात पडला. "बुडाले छेद पाडजा, नाई तं मुळं सडतीन."

जानेफळला सासूबाईंनी पिशवीतले कप पाहिले, काही विचारलं नाही. निघताना भरताची वांगी बांधून दिली. मला घरी सोडताना गजू म्हणाला, "मेथी उगवली की सांगजा."

मातीच्या कपानं चहा चांगला लागतो का? घाईत असाल तर नाही, सरळ ग्लास घ्या. थांबायला वेळ असेल तर लागतो.

कप धुऊन सुकवले. दोन खिडकीत ठेवले. तिसऱ्यात चहा ओतला आणि पहिला घोट त्याला पिऊ दिला. उरलेला ओट्याशी उभा राहून मी प्यालो.