पळसाच्या रंगाचे दरवाजे

मोहर्लीजवळच्या एका रिसॉर्टच्या दरवाजांबद्दल मी लिहिलेली बातमी चुकीची होती. दरवाजे सागाचे होते, एवढाच भाग खरा. रंग पळसफुलांचा आहे, यंदाच्या पहिल्या बहराचा आहे आणि गडचिरोलीच्या जंगलातल्या एका बाईने तो केला आहे, हे सगळं मी रिसॉर्टच्या पत्रकातून उचललं होतं. दरवाजे पाहिले नव्हते. पत्रकासोबत आलेला तिचा फोटोही तसाच छापला.

चौथ्या दिवशी ती एसटीने चंद्रपूरला आली आणि कार्यालयात माझ्या टेबलासमोर उभी राहिली. पन्नाशीची असेल. हातात घडी केलेला आमचाच पेपर.

"भाऊ, म्या यंदा फूल तोडलं म्हून तुमी लिवलं. तुमी पाह्यलं होतं का?"

"नाही, बाई."

"मंग लिवलं काऊन?"

खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं ते असं. तिच्या गावात नवीन फूल, नवीन फळ आधी देवाला जातं. मोह असो, आंबा असो की पळस. गावचा पुजारी दिवस ठरवतो. त्या सणाला ते पंडुम म्हणतात. त्या दिवसाआधी पळसाला कुणी हात लावत नाही. मागच्या वर्षीची वाळवलेली फुलं उकळून, तुरटी घालून तिने दोन फळ्या रंगवल्या होत्या, वरून जवसाचं तेल घासलं होतं. तो नमुना रिसॉर्टला आवडला. फोटो तेव्हाचा. पण उद्घाटन पंडुमच्या आधी होतं आणि सगळ्या दरवाजांना पुरतील इतकी जुनी फुलं उरली नव्हती. थांबा, असं ती म्हणाली. ते थांबले नाहीत. दरवाजे तिच्याशिवाय रंगले आणि तिच्या नावावर छापून आले.

गावातल्या शाळेत शिक्षकाने ती बातमी कौतुकाने वाचून दाखवली. हिने फुलं कधी तोडली, एवढंच मग गाव विचारू लागलं. उलगडा होईपर्यंत हिच्या घरचं फूल देवापुढे ठेवायचं नाही, असं पुजाऱ्याने सांगितलं. पंडुमला सहा दिवस होते.

"पेपरात आलं तं खरंच असन म्हणतेत सारे," ती म्हणाली. "मी खोटी, अन् तुमचा कागद खरा."

दुसऱ्या दिवशी मी मोहर्लीला गेलो. हे बातमीच्या आधी करायचं काम होतं. सगळे दरवाजे एकाच छटेचे, काचेसारखे चकचकीत. जवसाच्या तेलाला अशी चकाकी येत नाही. दाराशेजारी तिचा फोटो मोठा करून टांगलेला, खाली ओळ: जंगलकन्येचा नैसर्गिक रंग. पॉलिश करणारा कारागीर राजुऱ्याचा होता. मागच्या अंगणात कपाट घासत होता.

"फुलाचा रंग?" तो हसला. "भाऊ, हे पीयू आहे, केमिकलचं पॉलिश. डब्बे तिथी पडले आहेत, वास घेऊन पाहा. डोकं दुखलं तं माह्यावर नका येऊ."

"मग फुलांचा का नाही लावला?"

"तो उन्हात उतरते ना. साहेबाले उतरलेला रंग चालत नाई. फुलाच्या नावाचा बोर्ड चालते."

मॅनेजरला डब्यांबद्दल विचारलं. प्रेरणा त्या बाईंचीच आहे, असं तो शांतपणे म्हणाला. "पाहुण्यांना स्टोरी लागते, सर. त्यांचं नावच होतंय. नुकसान काय?"

तिने नकार दिला होता. तो नकार पुसून त्याच जागी तिचा चेहरा टांगला होता. डब्यातला रंग लावणं हा गुन्हा नाही. राजुऱ्याचा कारागीर तो रोज लावतो आणि विचारलं तर डब्याचं नाव सांगतो. मॅनेजरला तेवढंही जमलं नाही. गावात येऊन दोन वाक्यं सांगा, अशी विनंती केली. सफारीचा हंगाम आहे, असं उत्तर मिळालं.

कार्यालयात येऊन खुलासा लिहिला. संपादकांनी त्यातलं 'आमची चूक' कापलं. "कशाला? 'अधिक माहिती' म्हण." सातव्या पानावर चार ओळी आल्या. त्या वाचून कुणालाही काहीही कळलं नसतं. तो अंक गावात पोचलाही नाही.

पंडुमच्या सकाळी मी गावात गेलो. बायका पहाटे तोडलेल्या फुलांच्या टोपल्या घेऊन रांगेत बसल्या होत्या. ती रांगेबाहेर, बोरीच्या झाडाखाली, टोपली मांडीवर घेऊन. दरवाजांना डब्यातला रंग आहे, फुलं कुणीच तोडलेली नाहीत, मी न पाहता लिहिलं, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. पुजाऱ्याने ऐकलं, वडीलधाऱ्यांशी गोंडीत बराच वेळ बोलला, मग माझ्याकडे वळला.

"बाईनं फूल नाई तोडलं?"

"नाही."

"अन् तुमी लिवलं."

"हो."

"दोष तं झाला मंग. कोणाचा तरी झाला." त्याने तिला हाताने रांगेत बोलावलं आणि मला बोरीकडे बोट दाखवलं. "पूजा होतवरी तुमी तिथी बसा."

रांगेतली एक म्हातारी काहीतरी बोलली, बायका हसल्या. मी जाऊन बसलो. ती बसली होती तिथली जमीन अजून कोमट होती. तिचा नंबर आला तेव्हा पुजाऱ्याने टोपलीत हात घातला, फुलं उचलली आणि बाकीच्या फुलांत ठेवली. तिने पदराने तोंड पुसलं आणि मागे न बघता पुढच्या बाईला जागा करून दिली.