हार घातलेला सर्व्हर

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत दसऱ्याला सर्व्हरचीही पूजा व्हायची. साहेब स्वतः हळद-कुंकू वाहायचे, झेंडूचा हार घालायचे आणि मला बजावायचे, "चालतंय ना? मग हात लावायचा नाही."

त्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं आणि फुकट वाटलेलं. त्यात कुठे फट सापडली की ती माणसं लगेच बुजवायची आणि नवं व्हर्जन काढायची, तेही फुकट. ते नुसतं उतरवून घ्यायचं होतं! मी अपडेटचं नाव काढलं की साहेब हार दाखवायचे. हाराने काय फट बुजते?

शेवटी व्हायचं तेच झालं. त्याच जुन्या फटीतून कुणीतरी शिरलं आणि आमच्या सगळ्या फायली पुसून गेलं. साहेब सगळ्यांसमोर कडाडले, "फुकटचं सॉफ्टवेअर असंच दगा देतं!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांनी ती फट कधीच बुजवली होती, शिव्या त्यांनाच?

नवीन मशीन आलं. मी नवं व्हर्जन टाकायला बसले, तर साहेब मागे येऊन उभे. "ते नको, जुनंच टाक. इतकी वर्षं चाललं की ते!" आणि त्यांनी खिशातून कुंकवाची पुडी काढली.